डॉल्फिन-दर्शनाच्या सागरी फेऱ्या : 'हमखास दिसण्या'ची किंमत

प्रस्तावना

पावसाळा ओसरून समुद्र निवळला की कोकण किनाऱ्यावर पर्यटनाचा हंगाम सुरू होतो. दापोली तालुक्यातील मुरुड व कर्दे, मालवण तालुक्यातील तारकर्ली व देवबाग आणि दक्षिणेकडे गोव्यातील सिकेरीपासून पाळोळ्यापर्यंत अनेक ठिकाणांहून सकाळच्या वेळी प्रवाशांनी भरलेल्या होड्या डॉल्फिन दाखविण्यासाठी समुद्रात जातात. साधारण तासाभराची ही फेरी असते. महाविद्यालयांच्या शैक्षणिक सहलींच्या कार्यक्रमातही आता किल्ल्याच्या जोडीने 'डॉल्फिन-दर्शन' असा स्वतंत्र मुद्दा आढळतो. आपल्यापैकी अनेक प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांसमवेत ही फेरी केलेली असेल.

या फेरीकडे सामान्यतः निरुपद्रवी करमणूक म्हणून पाहिले जाते. प्राण्याला कोणी पकडत नाही, मारत नाही, पिंजऱ्यात ठेवत नाही. तो आपल्या घरी असतो व आपण त्याला दुरून पाहून परततो. एका फेरीपुरता विचार केला तर हे म्हणणे बरेचसे खरेही आहे. परंतु येथे एक गोष्ट नजरेतून सुटते. पर्यटक दररोज नवे असतात. डॉल्फिन मात्र तेच असतात. पर्यटकाच्या दृष्टीने जी आयुष्यातील एक सकाळ असते, ती त्या टोळीच्या दृष्टीने हंगामातील शेकडो होड्यांपैकी एक होडी असते. या व्यवसायाचा परिणाम एखाद्या फेरीत नव्हे, तर फेऱ्यांच्या बेरजेत शोधावा लागतो, आणि ती बेरीज होडीतील कोणालाच दिसत नाही. प्रस्तुत लेखात ही बेरीज कशी होते, तिचे प्राणिशास्त्रीय परिणाम कोणते आणि भाडे आकारण्याची पद्धत तिला कशी हातभार लावते, हे मुख्यतः कोकण-गोवा किनाऱ्याच्या संदर्भात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

शिकारीकडून दर्शनाकडे

देवमासे पाहण्याच्या व्यवसायाचा आरंभ सामान्यतः अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात झाला असे मानतात. १९५० मध्ये सान दिएगो येथील काब्रियो राष्ट्रीय स्मारकाच्या परिसरात किनाऱ्यावरून करडे देवमासे पाहण्याची जागा लोकांसाठी खुली करण्यात आली. १९५५ मध्ये तेथीलच एका मच्छिमाराने माणशी एक डॉलर घेऊन होडीतून देवमासे दाखविण्यास प्रारंभ केला. मच्छिमाराची होडी, मोकळा हंगाम आणि माणशी ठरलेला दर हे त्या वेळचे सूत्र आजही तारकर्लीत जवळजवळ तसेच पाहावयास मिळते.

आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने १९८२ मध्ये व्यापारी शिकार स्थगित करण्याचा निर्णय घेतला व १९८५-८६ च्या हंगामापासून तो अमलात आला. त्यानंतर 'मेलेल्या देवमाशापेक्षा जिवंत देवमासा अधिक उत्पन्न देतो' हा युक्तिवाद जगभर मांडला गेला आणि व्यवसाय झपाट्याने वाढला. १९९८ मध्ये ८७ देशांत व प्रदेशांत सुमारे ९० लाख लोकांनी अशा फेऱ्यांत भाग घेतल्याचा अंदाज होता. २००८ मध्ये हाच आकडा ११९ देशांत सुमारे १ कोटी ३० लाखांवर गेला आणि एकूण उलाढाल २१० कोटी डॉलर इतकी मानली गेली. शिकारीला पर्याय म्हणून ज्याचा पुरस्कार झाला, त्या व्यवसायाकडे टीकेच्या दृष्टीने पाहण्यास अभ्यासकांना त्यामुळेच थोडा उशीर लागला असावा.

कोकणच्या होडीतून नेमके काय दिसते?

'देवमासा' या शब्दात मासा आहे, आणि डॉल्फिनलाही बोलीभाषेत मासाच म्हटले जाते. वस्तुतः दोन्ही प्राणी फुप्फुसांनी श्वास घेणारे, उष्ण रक्ताचे व पिल्लांना दूध पाजणारे सस्तन प्राणी आहेत हे आपण शाळेत शिकतो, पण होडीत बसल्यावर विसरतो. मासा पाण्यातून वर आला नाही तरी त्याचे काही बिघडत नाही. डॉल्फिनला मात्र वर यावेच लागते, कारण त्याचे श्वसनछिद्र डोक्यावर असते. डॉल्फिन-दर्शनाचा संपूर्ण व्यवसाय या एका शारीरिक सक्तीवर उभा आहे. प्राणी आपल्याला भेटायला वर येत नाही. तो श्वास घ्यायला येतो.

कोकण व गोव्याच्या किनाऱ्यालगत होडीतून जे डॉल्फिन बहुतांशी दिसतात ते कुबडवाल्या डॉल्फिनच्या जातीचे असतात. शास्त्रीय परिभाषेत ही जाती 'सूसा प्लम्बिया' या नावाने ओळखली जाते. पाठीच्या मध्यभागी लांबट कुबड व त्यावर लहानसा पर ही या प्राण्याची खूण होय. पूर्ण वाढलेला प्राणी सुमारे अडीच मीटर किंवा त्याहून थोडा अधिक लांब असतो. रंग गडद करडा, चोच लांब व सडपातळ. वर येताना तो आधी चोच बाहेर काढतो, मग पाठीची कमान करून आत जातो. जाहिरातींच्या फलकांवर हवेत झेपावणारा जो डॉल्फिन रंगविलेला असतो तो बहुधा दुसऱ्याच जातीचा असतो, आणि तशी झेप न दिसल्याने काही प्रवासी खट्टू होऊन परततात. या समूहातील जातींचे वर्गीकरण दीर्घकाळ वादग्रस्त होते. २०१४ मध्ये समूहाच्या चार जाती मान्य झाल्या आणि दक्षिण आफ्रिकेपासून भारताच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंतच्या डॉल्फिनना स्वतंत्र जातीचा दर्जा मिळाला. २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत तिचा समावेश 'संकटग्रस्त' या वर्गात करण्यात आला.

या जातीचे एक वैशिष्ट्य आपल्या विषयाच्या दृष्टीने निर्णायक आहे. ती खोल समुद्रात फारशी जात नाही. साधारणपणे पंचवीस मीटरपेक्षा कमी खोलीचे पाणी, खाड्यांची मुखे आणि किनाऱ्यालगतची अरुंद पट्टी हाच तिचा अधिवास. बोय, ढोमा यांसारखे खाडीमुखाशी मिळणारे मासे हा तिचा आहार. कर्ली नदी जेथे समुद्रास मिळते त्या देवबागच्या परिसरात डॉल्फिन 'हमखास' दिसण्याचे कारण हेच. जो पट्टा मच्छिमारीचा, जो बंदरांचा, जो सांडपाण्याचा आणि जो पर्यटकांच्या होड्यांचा, तोच डॉल्फिनचाही आहे. होड्यांचा त्रास झाला म्हणून खोल समुद्रात निघून जाण्याची सोय या प्राण्याला नाही.

याच पाण्यात परहीन पॉरपॉइज नावाचा आणखी एक लहान सस्तन प्राणी राहतो. त्याच्या पाठीवर पर नसतो, तो लाजाळू असतो व पाण्याबाहेर फारसे अंग काढत नाही; त्यामुळे पर्यटकांना तो सहसा दिसत नाही आणि जाहिरातीतही त्याला स्थान नाही.

मोठे देवमासे मात्र या छोट्या फेरीचा विषय नव्हेत. तरीही ते आपल्या समुद्रात आहेत याचे पुरावे अलीकडच्या काळात मिळाले आहेत. २०१५ मध्ये सिंधुदुर्गातील कुणकेश्वरजवळच्या समुद्रात संशोधकांना निळे देवमासे आढळले. त्याच वर्षी जून महिन्यात रायगड जिल्ह्यातील रेवदंडा येथे एक निळा देवमासा किनाऱ्याला लागून मरण पावला. २०१७ च्या अखेरीस ओमानच्या किनाऱ्यावर उपग्रह-यंत्र बसविलेली 'लुबान' नावाची कुबडवाल्या देवमाशाची मादी अरबी समुद्र ओलांडून गोव्याच्या किनाऱ्याजवळ आली व तेथून दक्षिणेकडे गेली. अरबी समुद्रातील हा समूह इतर महासागरांतील आपल्या जातभाईंप्रमाणे ध्रुवीय समुद्राकडे स्थलांतर करीत नाही, वर्षभर याच समुद्रात राहतो. उद्या कोकणात कोणी 'देवमासा-दर्शन' सुरू करण्याचे ठरविले तर त्याने आधी श्रीलंकेतील मिरिसा पाहावे. तेथे २००८ च्या सुमारास निळे देवमासे दाखविण्याचा व्यवसाय सुरू झाला आणि काही वर्षांतच एका देवमाशाभोवती अनेक होड्यांनी धाव घेण्याची तक्रार अभ्यासक व पर्यटक दोघेही करू लागले.

पाण्याखाली काय घडते?

होडीतील माणूस डोळ्यांनी पाहतो. डॉल्फिन मुख्यतः कानांनी. किनाऱ्यालगतचे पाणी, विशेषतः खाडीच्या मुखाशी, गढूळ असते व त्यात काही हातांपलीकडचे दिसत नाही. अशा पाण्यात डॉल्फिन अतिशय वेगवान 'टिकटिक' ध्वनी सोडतो आणि वस्तूवर आदळून परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून ती किती दूर आहे, कोणत्या आकाराची आहे, हलते आहे की स्थिर, हे ओळखतो. परतलेला ध्वनी त्याच्या खालच्या जबड्यातून आतील कानापर्यंत पोहोचतो. याखेरीज टोळीतील प्राणी एकमेकांशी शिट्टीसारख्या आवाजांनी संपर्क ठेवतात. आई व पिल्लू यांची ताटातूट होऊ नये यासाठी या शिट्ट्यांचा उपयोग होतो.

हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. समुद्राच्या पाण्यात तो सुमारे १५०० मीटर, म्हणजे साडेचारपटीच्या आसपास असतो. पाण्यात ध्वनी दूरवर टिकतोही अधिक. होडीच्या मागे लावलेले इंजिन आपल्याला वर जेवढे ऐकू येते त्यावरून त्याचा पाण्यातील गोंगाट लक्षात येत नाही. पंखा वेगाने फिरताना त्याच्याभोवती असंख्य बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि त्यांचा मोठा, विस्तृत पट्ट्यातील आवाज होतो. वेग वाढला की हा आवाज वाढतो. अचानक वेग वाढविणे, गिअर बदलणे, इंजिन बंद करून पुन्हा चालू करणे या क्रियांचा ध्वनी तर आणखी वेगळा व दचकविणारा असतो. गोंगाटात बोलायचे झाले की आपण आवाज चढवतो किंवा बोलणे थांबवतो. होड्यांच्या गर्दीत डॉल्फिनही काही प्रमाणात हेच करीत असल्याचे निरनिराळ्या समुद्रांत नोंदले गेले आहे.

दुसरी बाब विश्रांतीची. डॉल्फिन आपल्यासारखा गाढ झोपू शकत नाही, कारण श्वास घेण्यासाठी त्याला जाणीवपूर्वक वर यावे लागते. त्याच्या मेंदूचा एक अर्धगोल झोपतो तेव्हा दुसरा जागा राहतो. विश्रांती घेणारी टोळी संथपणे, एकमेकांच्या जवळ राहून, जवळजवळ एका तालात वर-खाली होत असते. पाहणाऱ्याला ही टोळी सर्वांत 'सोयीची' वाटते, कारण ती पळत नाही व ठरावीक ठिकाणी वर येते. नेमक्या याच वेळी होडी जवळ गेली तर विश्रांती मोडते. हवाई बेटांजवळील स्पिनर डॉल्फिन रात्री खोल समुद्रात अन्न शोधतात आणि दिवसा उथळ उपसागरांत विसावतात; दिवसा तेथे येणाऱ्या पर्यटकांमुळे त्यांची विश्रांती खंडित होते, म्हणून अमेरिकेच्या शासनाने २०२१ मध्ये त्यांच्यापासून ५० यार्डांचे, म्हणजे सुमारे ४५ मीटरचे, अंतर राखण्याचा नियम केला.

प्रत्येक व्यत्ययाची किंमत ऊर्जेत मोजावी लागते. शिकार अर्धवट सुटते, पोहण्याचा वेग वाढवावा लागतो, बुडी लांबवावी लागते, पिल्लाला पाजण्याचा वेळ तुटतो. एकदा घडले तर प्राणी ही तूट सहज भरून काढतो. कुबडवाल्या डॉल्फिनची मादी वयात यायला सुमारे दहा वर्षे लागतात, गर्भकाळ दहा ते बारा महिन्यांचा असतो, एका वेळी एकच पिल्लू होते आणि दोन पिल्लांमध्ये साधारण तीन वर्षांचे अंतर असते. प्रजननाचा वेग इतका मंद असलेल्या प्राण्यात दोन-चार पिल्ले दगावल्याचा परिणामही टोळीवर अनेक वर्षे राहतो.

बेरजेचा प्रश्न

केवळ कल्पना येण्यासाठी एक साधा हिशेब करून पाहू. समजा, एखाद्या किनाऱ्यावर बारा होड्या आहेत, प्रत्येक होडी सकाळी दोन फेऱ्या करते आणि प्रत्येक फेरीत टोळीजवळ पंधरा मिनिटे थांबते. प्रत्येक प्रवासी पंधरा मिनिटेच पाहतो. होड्या एकामागून एक आल्या तर टोळीच्या वाट्याला मात्र रोज सहा तास होड्या येतात. सर्व एकदम आल्या तर वेळ कमी होतो, पण मग टोळीभोवती वेढा पडतो. यांपैकी कोणता प्रकार अधिक वाईट, हे ठरविणे कठीण आहे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी दोन्हींचे मिश्रण असते, कारण एका होडीला डॉल्फिन दिसले की भ्रमणध्वनीवरून किंवा नुसत्या इशाऱ्याने इतरांना कळते आणि सर्व होड्यांची तोंडे एकाच दिशेला वळतात.

या बेरजेचा परिणाम मोजण्याचा सर्वांत नावाजलेला प्रयत्न पश्चिम ऑस्ट्रेलियातील शार्क बे येथे झाला. तेथील बॉटलनोज डॉल्फिनचा अभ्यास अनेक दशके चालू असल्याने प्रत्येक प्राणी संशोधकांना ओळखता येत होता. लार्स बेडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, डॉल्फिन दाखविणाऱ्या व्यावसायिकांची संख्या एकावरून दोनवर गेली त्या काळात पर्यटनक्षेत्रातील डॉल्फिनची संख्या सरासरी १४.९ टक्क्यांनी, म्हणजे सातामागे एकाने, घटल्याचे दाखविले. शेजारच्या पर्यटनविरहित क्षेत्रात अशी घट आढळली नाही. येथे लक्षात घ्यावयाचे ते असे की, ही घट शेकडो होड्यांमुळे नव्हे तर केवळ दोन परवानाधारकांच्या व्यवसायामुळे, आणि तीही बऱ्यापैकी नियमबद्ध व्यवसायामुळे झाली होती. शिवाय शार्क बेमधील डॉल्फिनचा समूह मोठा आहे. लहान व एकाकी समूहावर याहून गंभीर परिणाम संभवतो, असा इशाराही संशोधकांनी दिला. पुढे तेथील शासनाने परवान्यांची संख्या दोनवरून पुन्हा एकवर आणली.

याच संशोधकांचे दुसरे निरीक्षण मला अधिक महत्त्वाचे वाटते. पर्यटनक्षेत्रात उरलेले डॉल्फिन होडी जवळ आल्यावर, पर्यटनविरहित क्षेत्रातील डॉल्फिनच्या तुलनेने, कमी विचलित होत होते. वरवर पाहता याचा अर्थ 'त्यांना सवय झाली' असा निघतो. परंतु जे प्राणी होड्यांना अधिक बुजत होते ते आधीच निघून गेले असतील, तर मागे उरतात ते फक्त सहनशील प्राणी. मग सरासरी वर्तन शांत दिसते. ते शिकण्यामुळे नव्हे, गाळणीमुळे. आपल्याकडे होडीवाले, पर्यटक व क्वचित अधिकारीही 'इथल्या डॉल्फिनना होड्यांची सवय आहे' हे वाक्य सहज बोलून जातात. दीर्घकाळ प्रत्येक प्राण्याची नोंद ठेवल्याशिवाय हे वाक्य बोलण्याचा अधिकार कोणालाही नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

'डॉल्फिन नाही, तर पैसे नाहीत'

गोव्याच्या किनाऱ्यावर 'डॉल्फिन दिसला नाही तर पैसे नाहीत' अशा अर्थाचे इंग्रजी फलक पर्यटकांच्या ओळखीचे आहेत. कोकणातही तोंडी स्वरूपात अशी हमी दिली जाते. ग्राहकाच्या दृष्टीने हा प्रामाणिक व्यवहार वाटतो. अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर या हमीमुळे फेरीतील सर्व अनिश्चितता ग्राहकाकडून होडीवाल्याकडे सरकते. होडीवाल्याकडे ती पेलण्याचे साधन एकच असते : इंजिन. डॉल्फिन दिसले नाहीत तर इंधनाचा खर्च त्याच्या अंगावर पडतो. म्हणून तो अधिक लांब जातो, अधिक वेगाने जातो, दुसऱ्या होडीने गाठलेल्या टोळीकडे धावतो, आणि टोळी बुडाली की ती जेथे वर येईल असा त्याचा अंदाज असतो तेथे पुढे जाऊन आडवा उभा राहतो. समुद्रावर वाढलेल्या माणसाचा अंदाज सहसा चुकत नाही. सर्व ओझे अखेरीस प्राण्याकडे सरकते, कारण या व्यवहारात ज्याची संमती कोणी विचारलेली नाही असा तो एकच घटक आहे.

यात होडीवाल्याला दोष देणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. मालवण परिसरातील अनेक होडीवाले मच्छिमार कुटुंबांतील आहेत. पारंपरिक मासेमारीचे उत्पन्न बेभरवशाचे झाले असताना पर्यटनाने त्यांना पर्यायी रोजगार दिला आहे. त्यांचा हंगामही मर्यादित, कारण पावसाळ्यात प्रवासी होड्या बंद असतात. होडीच्या कर्जाचा हप्ता मात्र बारमाही असतो. माणशी दर व हमी ही पद्धत त्यांनी निर्माण केलेली असो वा स्पर्धेने लादलेली असो, एकट्या होडीवाल्याला ती मोडता येत नाही. ज्याने हमी नाकारली त्याचे गिऱ्हाईक शेजारच्या होडीत बसते.

ओडिशातील चिलिका सरोवराचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. सातपाडा येथून इरावती डॉल्फिन दाखविणाऱ्या होड्या सुटतात. अलीकडच्या गणनांनुसार या डॉल्फिनची संख्या दीडशेच्या आसपास आहे, आणि त्यांचा वावर सरोवराच्या समुद्राशी जोडलेल्या भागात एकवटलेला आहे. थोडे प्राणी, मर्यादित पाणी आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली शेकडो कुटुंबे अशी ही रचना आहे. पंख्याच्या पात्यांनी डॉल्फिनना इजा होण्याचा धोका तेथे अनेक वर्षे चर्चेत आहे. तरीही चिलिकाची जमेची बाजू अशी की तेथे होडीवाल्यांच्या संघटना आहेत, विकास प्राधिकरण आहे आणि डॉल्फिनची गणना नियमित होते. म्हणजे निदान बोलायला आकडा व बोलणी करायला पक्ष उपलब्ध आहेत.

कायदा आणि अंतर

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार सर्व डॉल्फिन व देवमासे पहिल्या अनुसूचीत येतात, म्हणजे वाघाइतकेच संरक्षण त्यांना आहे. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आल्यावर अनुसूचींची संख्या कमी झाली, परंतु या प्राण्यांचे स्थान कायम राहिले. अधिनियमाच्या कलम २(१६) मधील 'शिकार' या शब्दाची व्याख्या मुद्दाम पाहण्यासारखी आहे. तीत मारणे व पकडणे यांच्या जोडीने प्राण्याचा पाठलाग करणे, त्याला हाकणे व आमिष दाखविणे यांचाही समावेश होतो. होडीने टोळीला घेरून हाकणे या व्याख्येत बसते किंवा कसे, हा विधिज्ञांचा विषय आहे; परंतु हौसेने केलेला पाठलाग हा कायद्याच्या दृष्टीने 'नुसते पाहणे' राहत नाही एवढे तरी स्पष्ट आहे. जंगलात जीपने वाघिणीला घेरले तर आपण संतापतो. समुद्रात तेच घडले की टाळ्या पडतात.

अधिनियमात अंतराचे वा वेगाचे आकडे नाहीत. ती त्याची अपेक्षाही नाही. अन्य देशांनी असे आकडे ठरविले आहेत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार होडीने डॉल्फिनच्या ५० मीटरपेक्षा व देवमाशाच्या १०० मीटरपेक्षा जवळ जाऊ नये. डॉल्फिनभोवती १५० व देवमाशाभोवती ३०० मीटरपर्यंतचे क्षेत्र सावधगिरीचे मानून तेथे होडी अगदी मंद ठेवावी आणि एका वेळी तीनपेक्षा अधिक होड्या नसाव्यात. पिल्लू सोबत असेल तर या क्षेत्रातही शिरू नये. न्यूझीलंडच्या १९९२ च्या नियमांतही ३०० मीटरच्या आत तीनच होड्यांना परवानगी आहे. समोरून वा थेट मागून न जाता बाजूने, समांतर जावे. टोळीच्या मधून होडी काढू नये. प्राणी स्वतः जवळ आला तर इंजिन एकाएकी न वाढवता गिअर काढून थांबावे, हे संकेत आता बहुतेक देशांत सारखेच आहेत. होडी स्थिर व मंद असली की अनेकदा डॉल्फिन स्वतःच कुतूहलाने जवळ येतात, हे अनुभवी तांडेलाला कोणत्याही पुस्तकाशिवाय ठाऊक असते.

सिंधुदुर्गात यासाठी पाया अगदीच नाही असे नाही. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्रफळ २९.१२ चौ. कि.मी. आहे, मात्र स्थानिक मच्छिमारांचा विरोध व अंमलबजावणीतील अडचणी यांमुळे ते बरेचसे कागदावरच राहिले. पुढे संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने सिंधुदुर्ग किनाऱ्याच्या जैवविविधतेसाठी प्रकल्प राबविला गेला आणि त्या काळात किनाऱ्यावरील डॉल्फिनचा पद्धतशीर अभ्यास झाला. मच्छिमारांच्या मुलाखतींवर आधारित संशोधनही २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. हा अभ्यास होडीवाल्यांपर्यंत मराठीत किती पोहोचला, हा वेगळा प्रश्न आहे.

प्रमाणाचे भान

पर्यटकांच्या होड्या हाच डॉल्फिनपुढील सर्वांत मोठा धोका आहे, असा ग्रह मात्र होऊ नये. जगभर लहान डॉल्फिनचे सर्वाधिक मृत्यू मासेमारीच्या जाळ्यांत, विशेषतः पाण्यात उभ्या सोडलेल्या जाळ्यांत, अडकून होतात. श्वास घेण्यास वर येता आले नाही की प्राणी गुदमरतो. दुसऱ्या बाजूने डॉल्फिन जाळ्यातील मासे ओढतात व जाळी फाडतात, ही मच्छिमारांची तक्रारही खोटी नाही. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०१८ पासून, संरक्षित सागरी प्राणी जाळे कापून सोडणाऱ्या मच्छिमारास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना सुरू केली. मच्छिमाराच्या नुकसानीला किंमत आहे हे मान्य करून ती पुढे जाते, म्हणून ही योजना मला आश्वासक वाटते. पर्यटनाच्या बाबतीतही याच दिशेने विचार झाला पाहिजे. जाळ्यांचा प्रश्न मोठा असल्यामुळे होड्यांचा प्रश्न लहान होत नाही; उलट जाळ्यांनी आधीच घटलेल्या टोळीला होड्यांचा अतिरिक्त ताण सोसण्याची शक्ती कमी उरते.

महाविद्यालयांच्या सहली : एक व्यवहार्य सूचना

महाविद्यालयीन सहल हा या व्यवसायाचा मोठा व संघटित ग्राहक आहे. पन्नास-साठ विद्यार्थ्यांचा गट चार-पाच होड्या एकदम घेतो, आणि असा ग्राहक अटी घालू शकतो. फेरी ठरवितानाच 'डॉल्फिन दिसोत वा न दिसोत, पूर्ण भाडे देऊ. परंतु पाठलाग करू नये, एका टोळीजवळ आमच्या दोनच होड्या एका वेळी राहाव्यात आणि पंधरा मिनिटांनंतर निघावे' असे स्पष्ट सांगितले तर होडीवाल्याचे नुकसान होत नाही, उलट इंधन वाचते. हमीचे ओझे ग्राहकाने स्वतःकडे परत घेणे, एवढाच याचा अर्थ. विद्यार्थ्यांना मात्र आधी सांगावे लागेल की कदाचित काहीच दिसणार नाही. क्षेत्रभेटीचा हा भागही शिकविण्याजोगा आहे.

प्राणिशास्त्र, भूगोल व अर्थशास्त्र या विभागांना यातून एक कायमस्वरूपी नोंदवही तयार करता येईल. दिनांक, वेळ, भरती-ओहोटीची स्थिती, ठिकाण, टोळीतील प्राण्यांची अंदाजे संख्या, पिल्लू होते की नाही, दोनशे मीटरच्या आत एकूण किती होड्या होत्या व किती वेळ, टोळीचे वर्तन होडी येण्यापूर्वी व नंतर कसे होते, एवढ्या बाबी प्रत्येक फेरीत नोंदवता येतात. त्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. एकच महाविद्यालय दरवर्षी एकाच किनाऱ्यावर जात असेल तर दहा वर्षांत त्याच्याकडे जी मालिका जमेल ती संशोधकांनाही उपयोगी पडेल.

याच्या जोडीला छायाचित्रे हवीत. डॉल्फिनच्या पाठीवरील पराच्या मागच्या कडेला खाचा व ओरखडे असतात, आणि त्यांवरून एकेक प्राणी वर्षानुवर्षे ओळखता येतो. शार्क बेमधील निष्कर्ष अशाच ओळखीवर आधारलेले आहेत. त्यासाठी चेहऱ्याचे किंवा उडीचे छायाचित्र निरुपयोगी असते. पाठ वर आली असताना, होडी समांतर असताना, पराला काटकोनातून घेतलेले साधे छायाचित्र हवे. ते डाव्या बाजूचे की उजव्या, हे त्याच वेळी लिहून ठेवावे : पराच्या कडेची खाच दोन्ही बाजूंनी, आरशात उलटल्याप्रमाणे का होईना, दिसते, अंगावरचा ओरखडा मात्र एकाच बाजूला असतो, आणि ही नोंद राहिली नाही तर एकाच डॉल्फिनचे वहीत दोन डॉल्फिन होतात.